मंगळवारची होडी

प्राचार्य अडुसेई स्टाफरूममध्ये आले आणि रिवाजाप्रमाणे उजव्या टोकापासून एकेकाच्या हातात हात देत डावीकडे सरकू लागले. खोलीत शिरलेल्या माणसाने उजवीकडून डावीकडे जायचं आणि मध्ये कोणालाही गाळायचं नाही, मग समोर व्याही बसलेला असो की वैरी, हे आमच्याकडे पोर चालायला लागलं की शिकतं. मी सहावी होते. पाचवा फिफी ओटू, सातव्या ग्रंथालयाच्या बाई. प्राचार्यांचा हात फिफीच्या हातातून सुटला, माझ्या नाकासमोरून गेला आणि ग्रंथालयाच्या बाईंच्या हातात जाऊन पडला. माझा हात पुढे आलेला तसाच राहिला. सव्वीस वर्षं या कॉलेजात गणित शिकवते आहे, पाचानंतर एकदम सात येत नाहीत एवढं मला कळतं. तो हात मी तसाच पुढे नेला आणि टेबलावरचा खडू उचलला, म्हणजे कोणी पाहिलं असेल तर त्याला वाटावं, बाईंना खडूच हवा होता. पाहिलं सगळ्यांनीच. ग्रंथालयाच्या बाई घाईघाईने म्हणाल्या, "काय बाई धूळ आहे या वर्षी." धूळ होतीच, वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला होता आणि ओठ फुटत होते. पण धुळीविषयी कोणी बोलत नव्हतं.

दिवसभर तो हात मला जाणवत राहिला. फळ्यावर वर्तुळ काढताना, दुपारी केंकीचं, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या गोळ्याचं, पान सोडताना, तळलेल्या माशाचे काटे बाजूला करताना. उजवा हात आहे, आणि आज तो कुठेतरी पोचायचा राहिला आहे, असं काहीतरी. मी काही हळवी बाई नाही. नवरा गेला तेव्हा तिसऱ्या आठवड्यात मी वर्गावर उभी होते. मला कोणी मागून अडाणी म्हटलं, गर्विष्ठ म्हटलं, तर मी उलट त्यालाच विचारते की दोन्ही एकदम कसं जमवायचं ते तरी सांग. पण चारचौघांत हात गाळणं म्हणजे हा माणूस या खोलीत नाही असं म्हणणं. असं काही त्या क्षणी वाटलं खरं. मग मी मनाशी म्हटलं, अराबा, तू बाण मारला होतास, तो लागला आहे. लागल्याशिवाय माणूस ओरडत नाही.

बाण म्हणजे दोन पानांचं पत्र. गणिताचं विभागप्रमुखपद रिकामं झालं होतं. सेवाज्येष्ठतेने ते माझं. बैठकीत प्राचार्य मधाळ आवाजात म्हणाले, "एशुन मॅडम एकट्या असतात. विधवा बाईमाणूस. प्रमुखाला वेळी-अवेळी धावाधाव करावी लागते. त्यांच्यावर कशाला हे ओझं?" आणि ते पद फिफी ओटूला दिलं. फिफी माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी कनिष्ठ. फिफी शाळेत असताना त्याला अपूर्णांक मी शिकवलेत, छेद समान केल्याशिवाय बेरीज करू नकोस म्हणून त्याच्या वहीत लाल शाईने तीन वेळा लिहिलं आहे. पदवी मिळाली तेव्हा तो पेढे द्यावेत तसा अननस घेऊन घरी आला होता आणि म्हणाला होता, "मावशी, तुमच्यामुळे." हल्ली मॅडम म्हणतो. ओझं घ्यायचं की नाही हे मला कोणी विचारलं नाही. मी नियामक मंडळाला लिहिलं की मी बाई आहे आणि विधवा आहे ही दोन्ही कारणं सेवानियमांत कुठल्या कलमात बसतात ते कळवावं. मंडळाने पत्राची प्रत प्राचार्यांना पाठवली, आणि दुसऱ्या सोमवारी तो हात माझ्यासमोरून निघून गेला.

त्यानंतर सराव-पाठांचं वेळापत्रक लागलं. आमच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी शाळांतून प्रत्यक्ष शिकवायला पाठवतात आणि आम्ही त्यांचे पाठ बघायला जातो. ज्येष्ठांना शहरातल्या शाळा देतात, कनिष्ठांना लांबच्या, हा पायंडा. माझ्या नावापुढे नदीपलीकडची शाळा होती, दर मंगळवारी. पाच तासांचा रस्ता, पुढे होडी. खाली सही फिफीची. ग्रंथालयाच्या बाई हळूच म्हणाल्या, "सांगून बघा ना त्याला. तुमचाच विद्यार्थी." मी म्हटलं, "माझा विद्यार्थी आहे म्हणूनच सांगणार नाही. त्याने चूक केली तर त्याची त्यालाच सापडू दे, मी तसंच शिकवलंय." या वाक्यावर मी तेव्हा फार खूश होते.

खरं म्हणजे माझं नावच अराबा, म्हणजे मंगळवारी जन्मलेली. समुद्रकाठच्या घरात वाढलेली. माझे सगळे मामा कोळी, आणि मंगळवारी समुद्रात जाळं पडत नाही हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं, मंगळवारी मामा होड्यांच्या सावलीत बसून जाळी शिवायचे आणि म्हणायचे, "आज दर्या झोपलाय, आणि ही कार्टी बघा, आजच उठून बसली." तरी त्या पहिल्या मंगळवारी मी नदीवर गेले. छापील कागदावर विश्वास ठेवायची आणि नको ते विसरून जायची ही मास्तरांची खोड. जाऊन बघते तर काठावर होडी पालथी घातलेली, आणि होडीवाले अंपोमाबाबा तिच्या कडेला पाठ टेकून भाजलेला कंद खात बसलेले. मला बघून त्यांनी अर्धा कंद पुढे केला. म्हणाले, "माई, आज नदीचा दिवस. आज तिच्या अंगावर कोणी पाय देत नाही." मी विचारलं, शाळेचं काय? "शाळा आज बंद. मास्तर निम्मे या काठाला राहतात, पोरंही निम्मी. शनिवारी भरवतात बदली." मी कपाळाला हात लावला. आणि मग ते जरा घुटमळून, नदीकडे बघत म्हणाले, "उद्या नेतो. पण विचारावं लागतं बाईमाणसाला... अडचण तर नाही ना? त्या दिवसांत नदी घेत नाही." मला हसूच आलं. म्हटलं, "बाबा, माझी नदी आटून सात वर्षं झाली." ते इतके हसले की कंदाचा घास घशात अडकला आणि मलाच त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी एका दगडाकडे बोट केलं. "पूर्वी तुमच्याकडची एक मास्तरीण यायची. तरुण. मंगळवारीच पाठवायचे तिलाही. मंगळवारी नाही, आणि बाकीच्या वारी दोनदा अडचण निघाली, तेव्हाही मी नेलं नाही. माझा काय इलाज? नदीपुढे माझं काय चालतं. रडायची नाही ती. त्या दगडावर बसून वहीत लिहायची. तारीख, वार, सगळं. मला अक्षर येत नाही म्हणून अंगठा घ्यायची. नंतर यायची बंद झाली. लग्न झालं का तिचं?" मी कंद चावत होते. हातातला तुकडा मी खाली ठेवला. म्हटलं, "झालं असेल." ती सेनाम होती. सेनाम आगबेको. आणि ती यायची बंद का झाली हे त्या काठावर फक्त मला माहीत होतं.

मी बुधवारी नदी ओलांडली, पाठ बघितले, शाळेच्या नोंदवहीत सही केली. पुढच्या दोन्ही आठवड्यांत सरळ बुधवारीच गेले. फिफीला कळवलं नाही. हा माझा माज, दुसरं काय. मग महिन्याच्या शेवटी दाराखालून कारणे दाखवा नोटीस सरकली. मी दारातच उभ्याउभ्या वाचली. विभागप्रमुख डॉ. ओटू यांनी चौदा आणि एकवीस तारखेला, दोन्ही मंगळवारी, स्वतः होडीने नदी पार करून शाळेला अचानक भेट दिली. वर्ग सुरळीत चालू होते. श्रीमती एशुन दोन्ही दिवशी गैरहजर होत्या. नोंदवहीतल्या बुधवारच्या सह्या मागाहून केल्याचा संशय आहे. कर्तव्यत्यागाबद्दल बडतर्फ का करू नये. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, आणि बडतर्फ झालेल्या बाईच्या तक्रारीला मंडळ केराची टोपली दाखवणार हे उघड होतं. नोकरीही जाणार, नावही जाणार, आणि प्रमुखपदाचा प्रश्न आपोआप मिटणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. पण मला राग यायच्या आधी हसू आलं. मोठ्याने हसले मी, शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं काय झालं. मी म्हटलं, "काही नाही, एक पोरगा नापास झाला." मंगळवारी होडीने. समुद्रकाठच्याच पोराने, ज्याच्या बापाची होडी माझ्या मामांच्या होडीशेजारी उभी असायची, हे असं लिहावं. दर्याचा मंगळवार त्याला पाठ होता, नदीलाही मंगळवार असू शकतो हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तो तिथे गेलाच नव्हता. घरी पंख्याखाली बसून त्याने नदी ओलांडली होती.

म्हणजे सिद्धता हातात होती. आता फक्त कागद हवा. मी पलीकडच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे गेले. मंगळवारी शाळा बंद असते एवढी एक ओळ लिहून द्या म्हटलं. नवा माणूस, घामेजलेला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या कॉलेजकडून मला दरवर्षी सहा जण फुकट शिकवायला मिळतात. प्राचार्यांचा फोन येऊन गेलाय. मी तोंडी काय वाटेल ते सांगेन, कागद देणार नाही." अंपोमाबाबांचा अंगठा कोण मानणार? समोर डॉक्टरेट झालेला माणूस आणि इकडे कंद खाणारा होडीवाला. परतताना, होडीत मध्यभागी बसलेली असताना, पाण्यावर ऊन हलत असताना, मला आठवलं की असा कागद आहे. जुन्या हेडमास्तरांच्या हातचा, शाळेच्या शिक्क्याचा. तो मी पाहिला आहे. तो आमच्याच कॉलेजच्या कपाटात आहे, आणि तो तिथे पडून राहिला कारण त्याला न जुमानता दिलेल्या निकालावर मी सही केली होती.

आठ वर्षांपूर्वी. समितीत पाच जण, चार पुरुष आणि मी. सेनाम समोरच्या खुर्चीत, गुडघ्यांवर ती वही. नोकरी कायम व्हायची होती तिची. सराव-पाठांना गैरहजर, असा आरोप. ती म्हणाली, मंगळवारी होडी नसते, हे हेडमास्तरांचं पत्र. कोणीतरी म्हणालं, बाकीच्या दिवशी का नाही गेलात? तिने माझ्याकडे पाहिलं. पाच जणांत एकीकडेच पाहिलं. मला तेव्हा कळलं होतं. अंधूक नाही, स्वच्छ कळलं होतं; कुठल्या बाईला कळणार नाही? मी एवढंच म्हणायचं होतं की जरा या सगळ्यांना बाहेर जाऊ द्या, मी बोलते हिच्याशी. पण त्या काळी मला समितीवर घेतलं होतं याचाच मला केवढा अभिमान होता. चार पुरुषांत बसायचं तर बायकी तक्रारी करणारी दिसायचं नाही, हे मी घरून ठरवून निघायचे. जुने प्राचार्य म्हणाले, "एशुन मॅडम, तुम्ही कोळ्यांच्या घरच्या. हे वाराचं खरं असतं का हो?" आणि मी, मंगळवारी जन्मलेली, म्हणाले, "जुन्या लोकांचे समज असतात, सर. ज्याला जायचं असतं तो जातो." लेखणी माझ्याकडे आली. मी सही केली. सेनाम उठली, रिवाजाप्रमाणे निरोपाचे हात देत गेली, पाचही जणांना, मलाही. तिचा हात कोरडा आणि गरम होता. मला आठवतं, मी घरी जाऊन त्या दिवशी भाजी जाळली आणि नवऱ्याला म्हटलं की चूल खराब झाली आहे.

माझी तक्रार आणि ही नोटीस, दोन्हींवर मंडळाने एकच सुनावणी ठेवली होती. तिच्या चार दिवस आधी मी सेनामकडे गेले. तिने स्वतःची छोटी शाळा काढली आहे, पत्र्याची, पण भिंतींवर पाढे इतक्या देखण्या अक्षरात की मी आधी तेच वाचत उभी राहिले. ती बाहेर आली. जाड झाली आहे थोडी. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, आणि मग पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "कसं येणं केलंत, मॅडम?" मी सगळं सांगितलं. मी बोलत होते तोवर ती खडूचे तुकडे डब्यात भरत होती, लांब एका डब्यात, आखूड दुसऱ्यात.

"म्हणजे माझा कागद हवाय तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा नको होता."

"तेव्हा मी नालायकपणा केला."

तिने खडू खाली ठेवला. "आठ वर्षं मी विचार करत होते की तुम्ही कधी भेटलात तर काय म्हणाल. तुम्हाला कळलं नव्हतं, असं म्हणाल असं वाटलं होतं."

"कळलं होतं."

"बरं झालं खोटं बोलला नाहीत. नाहीतर पाणी परत घेतलं असतं." आत पोरं सातचा पाढा म्हणत होती आणि सात साते अडतीस म्हणत होती. आम्ही दोघींनी एकदमच आत पाहिलं, आणि ती आत जाऊन दुरुस्त करून आली. म्हणाली, "फाइल काढा. पण कागद एकटा काढायचा नाही. निकालासकट काढायचा. तुमची सुटका आणि माझं तिथेच कपाटात, असं चालणार नाही. मी येऊन बाहेर बसेन. बोलावलंत तर आत येईन. नाही बोलावलंत तर बघेन तुम्ही बाहेर कुठल्या दाराने पडता ते." मी म्हटलं, "एकच दार आहे." ती म्हणाली, "माहीत आहे. मी तिथूनच गेले होते."

सुनावणी गुरुवारी. मी निळं छापील कापड घातलं, डोक्याला त्याच कापडाचं फडकं बांधलं, आणि आरशात बघून म्हटलं, ठीक दिसतेस, हरायला जाणारी बाई एवढी इस्त्री करत नाही. खोलीत लांब टेबल. मधोमध मंडळाचे अध्यक्ष लॅम्प्टी, निवृत्त न्यायाधीश, आल्याचा तुकडा चघळणारे म्हातारे गृहस्थ, त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. एका बाजूला प्राचार्य आणि फिफी. समोर तक्रारदाराची एक खुर्ची. मी उजव्या टोकापासून सुरुवात केली. प्राचार्यांच्या समोर हात धरला आणि धरून ठेवला. न्यायाधीशांच्या देखत गाळणार कसे? दिला त्यांनी. फिफीचा हात ओला होता. सेनाम बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलेली मी येतानाच पाहिली होती, मांडीवर तीच वही.

अध्यक्षांनी फिफीला विचारलं, "होडी कोणी वल्हवली, डॉक्टर?"

"एक माणूस होता, सर. नाव विचारलं नाही."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा, सर. शाळा भरलेली होती. प्रार्थना संपून पहिला तास चालू होता."

तो सफाईने बोलत होता आणि मला वाईट वाटत होतं, हे मी कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पाठ करून आलेला विद्यार्थी फळ्याशी उभा असतो, पायऱ्या भराभर लिहितो, आणि मागे बसलेल्या मास्तरणीला दिसत असतं की दुसऱ्याच ओळीत चिन्ह चुकलं आहे. मी आठ वर्षांपूर्वीची सेनाम आगबेको यांची फाइल मागितली. प्राचार्य म्हणाले, त्याचा इथे काय संबंध. मी म्हटलं, "संबंध मंगळवारचा आहे." फाइल आली. वरचंच पान हेडमास्तरांचं पत्र. अध्यक्षांनी आल्याचा तुकडा गालात सरकवला आणि मोठ्याने वाचलं की मंगळवार हा नदीचा वार असल्याने होडी चालत नाही, शाळा बंद असते व त्याऐवजी शनिवारी भरते, ही पूर्वापार पद्धत आहे. मग चष्मा काढून म्हणाले, "डॉक्टर, आपलं गाव?"

"समुद्रकाठचंच, सर."

"तुमच्याकडे मंगळवारी जाळं टाकतात?"

"नाही, सर."

"मग?"

फिफीने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी उत्तर अडलं की बघायचा तसं. आणि अगदी हळू म्हणाला, "नदीचं माहीत नव्हतं, सर." प्राचार्यांनी डोळे मिटले. अध्यक्ष म्हणाले, दहा मिनिटं चहा घेऊ.

व्हरांड्याच्या टोकाला प्राचार्यांनी मला गाठलं. सगळा मध परत आला होता. "एशुन मॅडम, झालं ते झालं. पोराने आगाऊपणा केला. सोमवारपासून प्रमुखपद तुमचं, मी आत्ताच सांगतो मंडळाला. फक्त त्या फाइलमधलं पुढचं पान... ते कशाला उघडायचं? पत्राने काम झालंय तुमचं. पुढच्या पानावर तुमचीच सही आहे, तुमच्याच अंगाशी येईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ." खोटं कशाला सांगू, मला ते हवंसं वाटलं. प्रमुखाच्या खोलीची खिडकी मला डोळ्यांसमोर दिसली, तिच्यातून समुद्राची एक पट्टी दिसते; सव्वीस वर्षं त्या पट्टीवर माझा डोळा आहे. आणि दहा पावलांवर सेनाम बसली होती, ऐकू येईल एवढ्या अंतरावर, नदीकाठी बसायची तशी, न रडता. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मी म्हटलं, "प्राचार्यसाहेब, त्या सोमवारी तुमचा हात माझ्यापर्यंत पोचला असता तर कदाचित मी ऐकलंही असतं तुमचं. आता उशीर झाला." हे अर्धंच खरं होतं. उशीर आठ वर्षांचा होता आणि तो माझा होता.

आत गेल्यावर अध्यक्ष म्हणाले की श्रीमती एशुन यांच्यावरचा आरोप मंडळ मागे घेत आहे, डॉ. ओटूंची वेगळी चौकशी होईल, आणि प्रमुखपदाचा निर्णय ज्येष्ठतेप्रमाणे पुन्हा होईल. म्हणजे जिंकले. माझ्या पोटात एकदम ऊन पडल्यासारखं झालं, दोन क्षण मी ते उपभोगलं, आणि मग म्हटलं, "साहेब, पुढचं पान उलटा." त्यांनी उलटलं. वाचलं. बोटाने खालच्या ओळीवर थांबले.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे तेव्हा खोटं की आत्ता?"

"तेव्हा. ती मुलगी खरं सांगत होती आणि ते मला ठाऊक होतं. आजच्या पोराने जे केलं ते मी त्याच्या आधी केलंय, फक्त मी जास्त सुवाच्य अक्षरात केलं."

अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "बाई, हे तुमच्या प्रकरणात बसत नाही. हे उघडायचं तर प्रकरण आगबेकोबाईंचं होईल. आणि त्यात तुम्ही तक्रारदार नसाल. तुम्ही त्या बाजूला असाल."

"मग मी त्या बाजूला बसते," मी म्हटलं आणि उठले. टेबलाला वळसा घालून गेले. फिफीच्या शेजारी भिंतीला लावून एक खुर्ची होती, ती ओढली. फिफीने सरकून जागा केली. आपण कशाला सरकतो आहोत हेही त्याला कळलं नसेल, मास्तरीण आली की बाकावर सरकायचं एवढंच अंगवळणी. तिथून खोली वेगळी दिसत होती. समोरची रिकामी खुर्ची फार मोठी दिसत होती. मी दाराशी उभ्या शिपाईबाईंना म्हटलं, "बाहेर सेनाम आगबेको आहेत. त्यांना आत घ्या."

ती आली. दारात क्षणभर थांबून तिने कोण कुठे बसलं आहे ते पाहिलं, आणि उजव्या टोकापासून सुरुवात केली. पहिला सदस्य, अध्यक्ष, दुसरा सदस्य. मग प्राचार्य. मग फिफी. फिफीचा हात सोडून ती माझ्यासमोर आली. माझा हात पुढे झाला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, नीट, शांतपणे, आणि मग तो तसाच ठेवून पुढे गेली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. या वेळी खडू उचलायला टेबलावर खडू नव्हता, आणि मला तो उचलावासाही वाटला नाही. मी हात परत आणला आणि मांडीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

सेनाम मी सोडलेल्या खुर्चीत बसली आणि वही उघडली. अध्यक्षांनी लेखणी घेतली आणि विचारलं, "पूर्ण नाव?"

तिने सांगितलं. मग विचारलं नव्हतं तरी वहीतली पहिली तारीख वाचली, आणि तिच्यापुढे वार वाचला.